वडोदऱ्यातील कुटुंब-समुपदेशन: आठ महिने, बारा बैठका

गेल्या नोव्हेंबरपासून या जूनपर्यंत आमचे चौघांचे कुटुंब वडोदऱ्यातील एका खासगी समुपदेशन केंद्रात जात होते. त्या सेवेबद्दल मला जे वाटले, ते येथे लिहीत आहे. केंद्राचे नाव मी देणार नाही आणि त्याचे कारण आधीच सांगते. दोन समुपदेशक आणि एक मदतनीस एवढाच त्या केंद्राचा पसारा आहे. या शहरातला मराठी समाज दांडिया बाजार, रावपुरा, वाडी असा विखुरलेला असला, तरी कुणाच्या घरी काय चालले आहे हे लग्नाकार्यात सगळ्यांना कळते. नाव लिहिले, तर आमच्या आधी आणि नंतर त्या बाकावर बसणारी माणसेही ओळखली जातील, आणि त्यांनी तशी परवानगी मला दिलेली नाही. ज्यांना अशा सेवेची गरज आहे त्यांनी केंद्र कसे पारखावे, हे मात्र या अनुभवातून नक्की सांगता येईल.

आम्ही तिथे का गेलो, हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. माझे सासरे सव्वातीन वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर माझा मुलगा सासूबाईंच्या खोलीत झोपू लागला. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आम्हा दोघांनाही त्याचे कौतुकच वाटले. आजी-नातवाचा लळा लहानपणापासूनचा होता. मी बँकेत जात असे, त्यामुळे कमाटीबागेत नेण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत त्याचे सगळे त्यांनीच केले होते. गेल्या वर्षी त्याला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि रोज रात्री साडेनऊला तो आजीला फोन करू लागला. हा फोन तासभर चाले. एखाद्या रात्री तो आला नाही, तर सासूबाई जेवत नसत, आणि त्या जेवल्या नाहीत हे दुसऱ्या दिवशी त्याला कळल्याशिवाय राहत नसे. दिवाळीला तो घरी आला आणि परतीच्या दिवशी सकाळी त्याच्या छातीत दडपण आले, हात गार पडले, श्वास पुरेना. ईसीजी आणि इको दोन्ही तपासण्यांत काहीच निघाले नाही. तिकीट दोनदा रद्द केले. तिसऱ्यांदा त्याने सांगितले की त्याला परत जायचेच नाही.

त्या आठवड्यात आमच्या घरात जे बोलणे झाले, ते आठवून आजही वाईट वाटते. माझे पती आईवर चिडले, सासूबाई माझ्यावर रुसल्या आणि मी मुलाला समजावण्याच्या नावाखाली त्याच्यावर ओरडले. एका रात्री अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात उभी राहून टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. ती चोवीस तास आणि विनाशुल्क चालते आणि मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था असलेली बंगळूरची निम्हान्स ही तिची प्रमुख संस्था आहे. पलीकडच्या बाईंनी माझे बोलणे न तोडता ऐकले. मुलाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे त्यांनी सरळ विचारले. तो प्रश्न ऐकून मी आधी दचकले, पण मग त्याला तेच विचारण्याचे धैर्यही मला त्यामुळेच आले. त्यांनी सुचवले की एकट्या मुलाला नेण्यापेक्षा सगळ्या कुटुंबाला बसवून घेणारी जागा शोधा. पैशांची अडचण असेल तर कारेलीबागेतले सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहेच, हे मला ठाऊक होते. आम्ही खासगी केंद्र निवडले ते केवळ संध्याकाळची वेळ मिळावी म्हणून.

निवडताना मी जे शिकले ते सविस्तर सांगते, कारण याबाबत आपल्याकडे फार गोंधळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधाविना उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, म्हणवून घेण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि ती नोंदणी विचारून पाहण्यात कोणताही अपमान नाही. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लिहू शकतो, असा आजवरचा व्यवहार आहे. म्हणून शिक्षण कुठे झाले, कुणाच्या देखरेखीखाली काम केले, आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले तर कुठे पाठवता, हे तीन प्रश्न मी फोनवरच विचारले. या केंद्रातल्या ज्येष्ठ बाईंनी तिन्ही उत्तरे न कचरता दिली. त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानवविकास विभागात शिकलेल्या आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि हंसा मेहतांसारख्या कुलगुरू लाभलेल्या या विद्यापीठात बालविकास आणि कुटुंब यांचा अभ्यास कितीतरी वर्षे चालत आला आहे. त्याच गावात राहून आमच्यासारख्या शिकलेल्या घराने अशा जागेचा उंबरठा ओलांडायला इतका वेळ लावला, याची मला खंत वाटते.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. पहिली बैठक गुजरातीत झाली. आम्ही सगळे गुजराती अस्खलित बोलतो. बाजारात, कचेरीत, शेजारी तीच आमची भाषा आहे, त्यामुळे यात काही अडेल असे वाटले नव्हते. तरीही तासभर सगळे जण पाहुण्यांसारखे नीटनेटके बोलत राहिले. सासूबाई तर 'सारुं छे, सारुं छे' यापलीकडे गेल्याच नाहीत. शेवटी ज्येष्ठ बाईंनी विचारले की घरी भांडण कोणत्या भाषेत होते. मराठीत, असे मुलगा हसून म्हणाला. त्या स्वतः गुजराती असल्या तरी रावपुऱ्यात वाढलेल्या, आणि त्यांना मराठी चांगली समजते. दुसऱ्या बैठकीपासून आम्ही मराठीत बोलायचे आणि अडले तर त्यांनी थांबवून विचारायचे, असे ठरले. माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी चौघांना एकेक चिठ्ठी दिली आणि आजी आणि नातू यांच्यात जे आहे त्याला घरातला एक शब्द द्यायला सांगितले. माझ्या पतींनी 'लाड' असे लिहिले, मी 'गुंता' लिहिले, मुलाने 'काळजी' लिहिले आणि सासूबाईंनी सावकाश अक्षरात 'जीव लावला आहे' असे लिहिले. एकाच गोष्टीची चार नावे समोर पाहून आम्ही गप्प झालो. मग बाईंनी अगदी भाबडेपणाने विचारले की जीव लावणे, जीव गुंतणे आणि जीव अडकणे यांत मराठीत फरक काय. परकी भाषा समजून घेण्यासाठी विचारावा तसा तो प्रश्न होता आणि त्यामागे कोणताही डावपेच मला दिसला नाही. सासूबाई बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "जीव अडकतो तो जाणाऱ्याचा. ह्यांचा अडकला होता. दोन दिवस दाराकडे बघत होते, नातू येतो का म्हणून."

हे माझ्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. सासरे गेले तेव्हा त्याची दहावीची परीक्षा चालू होती. मन विचलित होऊ नये म्हणून आम्ही त्याला मांजलपूरला माझ्या भावाकडे ठेवले होते आणि शेवटचा पेपर झाल्यावरच त्याला सांगितले. तो निर्णय माझा आणि माझ्या पतींचा होता. त्यानंतर घरात त्या विषयावर एक अक्षरही निघाले नाही आणि न बोलण्यालाच आम्ही सावरणे समजलो. मुलाने खाली बघत सांगितले की पुण्याच्या गाडीत बसताना त्याच्या डोक्यात एकच विचार येतो: आपण गेलो आणि मागे आजीला काही झाले तर या वेळीही कुणी कळवणार नाही. रोजचा तासभराचा फोन हा आजीचा हट्ट आहे असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्याला तो तिच्याइतकाच हवा होता.

पुढच्या बैठकीत बाईंनी या गोष्टीमागचा विचार समजावला, आणि तो मला इतका पटला की इथे मांडावासा वाटतो. मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातल्या बंधाचा अभ्यास ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी केला आणि मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या गावांत आणि नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मुलांचे निरीक्षण करून त्याला आकार दिला. एन्सवर्थ यांच्या प्रयोगात वर्षभराच्या मुलाला खेळणी असलेल्या खोलीत ठेवून आई काही मिनिटे बाहेर जाते आणि परत येते. ती गेल्यावर मूल रडले की नाही, यापेक्षा ती परत आल्यावर ते शांत होऊन पुन्हा खेळायला लागते की नाही, याला त्या जास्त महत्त्व देत. जवळचे माणूस हा मुलाचा सुरक्षित आधार असतो, आणि तो जागेवर आहे याची खात्री असली की मूल दूरवर जाऊन जग पाहते. बाई म्हणाल्या की आमच्या मुलाला आजीचा लळा जास्त आहे, हा त्याचा आजार नव्हे. आधार जागेवर राहील की नाही याची राखण त्याच्यावर येऊन पडली आहे, आणि राखणदाराला जागा सोडता येत नाही. हे अभ्यास आई आणि मूल या जोडीभोवतीच फिरतात, मग आमच्यासारख्या एकत्र घरात ते कसे लावायचे, अशी शंका मी काढली. त्यावर त्यांनी मान्य केले की अनेक हातांवर वाढलेल्या मुलाचे आधारही अनेक असतात, आणि म्हणूनच तुमच्या घरात बाकीचे हात कुठे गेले हे पाहायला हवे.

त्यातून जी व्यवस्था निघाली ती अगदी साधी होती. मुलाचा फोन आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, वीस मिनिटांचा असावा. आजीच्या तब्येतीत काही बदल झाला तर तो त्याला त्याच दिवशी आणि खरा सांगितला जाईल, असे माझ्या पतींनी त्याला वचन द्यावे. आणि रोज रात्री साडेनऊला, म्हणजे ज्या वेळी फोन येत असे त्याच वेळी, त्यांनी स्वतः आईजवळ अर्धा तास बसावे. वडील गेल्यापासून आईशी त्यांचे बोलणे औषधांच्या गोळ्या आणि वीजबिल यांपुरते उरले होते. पहिले आठ दिवस दोघेही टीव्हीवरच्या बातम्या पाहत मुकाट बसले. मग एका रात्री सासूबाईंनी सासऱ्यांच्या पहिल्या सायकलची गोष्ट काढली, आणि मी आतून भांड्यांचा आवाज न करता ऐकत राहिले.

लळा तोडायचा, नातू आणि आजी यांना लांब करायचे, असे ज्येष्ठ बाईंनी एकदाही सुचवले नाही. केंद्रात एकदा मात्र तसे झाले, आणि ती केंद्राचीच चूक होती. चौथ्या बैठकीनंतर सासूबाईंची एक स्वतंत्र भेट कनिष्ठ समुपदेशक मुलीकडे होती. तिने घाईघाईने सांगितले की आता तुम्ही नातवातून मन काढून घेतले पाहिजे. सासूबाई घरी येऊन काहीच बोलल्या नाहीत आणि पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी केंद्राला कळवले तेव्हा ज्येष्ठ बाईंनी माझ्यामार्फत निरोप न देता स्वतः सासूबाईंना फोन केला, आमच्याकडून चुकीचे बोलले गेले असे स्पष्ट सांगितले, आणि ती मुलगीही पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर तेच म्हणाली. आमच्या घरात वयाने मोठे माणूस लहानाची क्षमा मागत नाही आणि लहान माणूस मागते ते केवळ पाया पडून, विषय मिटवण्यासाठी. नेमके काय चुकले हे नाव घेऊन सांगणारी क्षमा सासूबाईंनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. महिन्याभराने त्यांनी नातवाला फोनवर सांगितले की परवा तू लवकर फोन ठेवलास म्हणून मी तुटक बोलले, ते बरोबर नव्हते. एखाद्या केंद्राकडून चूक होणार नाही अशी अपेक्षा मी ठेवणार नाही, पण चूक झाल्यावर ते कसे वागते ते मात्र अवश्य पाहीन.

आपली मर्यादा ओळखणे हाही या सेवेचा गुण मला दिसला. सासूबाईंची झोप आणि भूक पाहून त्यांनी समुपदेशन चालू ठेवतानाच थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी करायला आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितले. बी-१२ बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी सौम्य नैराश्याचे निदान करून काही महिन्यांसाठी औषध दिले. सासूबाईंना 'वेडाची गोळी' ही भीती होती, ती डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीशी तुलना करून घालवली. त्यांच्याकडूनच कळले की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. सासूबाईंचा शोक तिथपर्यंत गेलेला नव्हता, पण दुःखाकडे इतक्या गांभीर्याने पाहिले जाते, हेच आम्हाला नवे होते.

उणिवाही सांगायला हव्यात. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या शहात्तर वर्षांच्या बाईला चाळीस पायऱ्या चढायला लावणे योग्य नाही. आम्ही बोललो तेव्हा तळमजल्यावरची एक खोली मिळाली, पण ती आधीच द्यायला हवी होती. प्रश्नावल्या इंग्रजी आणि गुजरातीत आहेत आणि त्यांचे गुजराती भाषांतर इतके पुस्तकी आहे की 'तुम्ही इतरांवर भावनिकदृष्ट्या अवलंबून आहात का' अशा अर्थाचा प्रश्न सासूबाईंना टोमण्यासारखा लागला. बाहेर बसायची जागा चिंचोळी आहे. एकदा तिथे आमच्या ओळखीचे एक जोडपे समोर आले आणि दोन्ही बाजूंनी माना खाली गेल्या. त्यानंतर दोन भेटींच्या मध्ये पंधरा मिनिटांचे अंतर ठेवले जाऊ लागले. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे भेटीची आठवण देणारा संदेश केंद्राच्या पूर्ण नावासह माझ्या पतींच्या कचेरीच्या फोनवर गेला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्या कायद्याच्या भावनेला हे धरून नव्हते. तक्रारीनंतर संदेशातले नाव काढले गेले. शनिवारी संध्याकाळची वेळ मात्र अजूनही तीन-तीन आठवडे मिळत नाही.

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या भेटीचे सातशे, कुटुंबाच्या सहा बैठकांचे प्रत्येकी दीड हजार आणि स्वतंत्र पाच भेटींचे प्रत्येकी नऊशे, असे एकूण १४,२०० रुपये झाले. आमचा आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतो, म्हणून त्यातून काही मिळाले नाही. मुलगा जानेवारीत पुण्याला परतल्यावर तो व्हिडिओवरून बसत असे आणि त्याचे वेगळे शुल्क घेतले नाही. आमच्यासारख्या घराला ही रक्कम जड असली तरी पेलण्यासारखी होती. सर्वांनाच ती पेलेल असे मी म्हणणार नाही.

ज्या घरात मारहाण किंवा धाकदपटशा आहे, तिथे सगळ्यांना एकत्र बसवणारी ही पद्धत योग्य नाही, कारण तिथे बोललेल्या शब्दाची शिक्षा घरी गेल्यावर मिळू शकते. हे केंद्रानेच आम्हाला पहिल्या भेटीत विचारून घेतले होते. तशा प्रसंगी गुजरातमध्ये स्त्रियांनी १८१ अभयम या क्रमांकाची मदत घ्यावी. कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार असतील, तर तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारची वाट न पाहता १४४१६ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालयात जावे. बाकी ज्यांच्या घरात प्रेम आहे आणि तरीही कुणाचा तरी श्वास कोंडतो आहे, त्यांनी सगळ्यांनी मिळून जावे, असे मी अगदी मनापासून सांगेन.

नववी बैठक झाल्यावर मुलाने स्वतःहून विचारले की आजोबांसाठी आता काही करता येईल का. बाईंनी त्याचे उत्तर आमच्यावर सोपवले. एप्रिलमध्ये तो दोन दिवसांच्या सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही चौघे चाणोदला गेलो आणि नर्मदेच्या पाण्यात उभे राहून त्याने आजोबांना तिलांजली दिली. सासूबाई घाटावर बसून होत्या. परत येताना गाडीत त्यांनी त्याला आजोबांच्या शेवटच्या दोन दिवसांची सगळी हकिगत सांगितली, आणि त्याने मधे मधे प्रश्न विचारले.

जूनमध्ये शेवटची बैठक झाली. गेल्या आठवड्यात सुट्टी संपवून तो पुण्याला निघाला, तेव्हा सकाळी त्याचे हात पुन्हा गार पडले होते. तो काही न लपवता ओट्यावर येऊन बसला. सासूबाई शेजारी बसल्या, आणि माझ्या पतींनी रिक्षावाल्याला दहा मिनिटे थांबायला सांगितले. मग मुलाने बॅग उचलली. स्टेशनवर पोहोचल्यावर त्याने वडिलांना फोन केला आणि आजी जेवली का, असे विचारले. "अजून नाही, पानावर बसली आहे," असे त्यांनी सांगितले आणि ते खरे होते.